महाग फेन्स लावलं की काप सरळ येतो?

‘छोट्या टेबल सॉला महाग फेन्स बसवा, काप आपोआप सरळ येईल,’ असा मेसेज मराठवाड्यातल्या सुतारांमध्ये कधीपासून फिरतोय. (टेबल सॉ म्हणजे टेबलातून गोल पातं वर आलेली करवत; फेन्स म्हणजे पात्याशेजारची सरळ पट्टी, जिला टेकवून लाकूड सरकवतात.) पटतोही, कारण डुगडुगतं फेन्स काप बिघडवतंच. पण महाग फेन्ससुद्धा पात्याला समांतर नसेल तर उपयोग शून्य.

तपासायचं असं: आधी प्लग काढा. पात्याच्या एका दातावर खूण करून तो पुढे आणा, माईटरच्या खाचेपासून (टेबलावर पात्याशेजारी असलेली लांब खोबण) अंतर मोजा. तोच दात मागे फिरवून पुन्हा मोजा. मापं सारखी आली की पातं ठीक. मग फेन्स लॉक करून खाचेपासून दोन्ही टोकं मोजा. मागचं टोक पात्याकडे झुकलं तर सागवान करपतं, शिवाय तुकडा उसळून अंगावर येऊ शकतो. मी तर पैसे आधी चांगल्या पात्यावर आणि पुश स्टिकवर (लाकूड पुढे ढकलायची काठी) घालीन.