ऑल एलीट रेसलिंग

ऑल एलीट रेसलिंग : अमेरिकेतील व्यावसायिक रेसलिंगचे खेळ भरवणारी आणि त्यांचे दूरचित्रवाणी कार्यक्रम तयार करणारी कंपनी. चाहते तिला ‘एईडब्ल्यू’ म्हणतात. स्थापनेची घोषणा १ जानेवारी २०१९ रोजी झाली. मुख्यालय फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल येथे आहे. २००१ पासून या धंद्यावर जवळजवळ एकहाती हुकूमत असलेल्या डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीसमोर राष्ट्रीय वाहिनी, मोठे भांडवल आणि नामवंत मल्ल अशा तिन्ही गोष्टी घेऊन उभी राहिलेली ही जवळपास दोन दशकांतील पहिली कंपनी होय.

‘कुस्ती’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर निकाल आखाड्यातच ठरणारी झुंज येते. इथे निकाल आधीच ठरलेला असतो. कोण जिंकणार, कोणाचे कोणाशी वैर पेटणार, पट्टा कोणाच्या कमरेला बांधायचा, हे ‘बुकर’ ठरवतो. मल्लाने शारीरिक कसब आणि अभिनय पणाला लावून ते प्रेक्षकांच्या गळी उतरवायचे असते. नायक तो ‘बेबीफेस’, खलनायक तो ‘हील’, आणि हे सारे खरेच घडते आहे असा आव शेवटपर्यंत टिकवणे म्हणजे ‘केफेब’. पडणे, आपटणे आणि दुखापती मात्र खऱ्याच असतात. म्हणून या नोंदीत ‘रेसलिंग’ हाच शब्द वापरला आहे.

पूर्वपीठिका

१९८० च्या दशकापर्यंत अमेरिकेत रेसलिंगचा धंदा प्रांतांत वाटलेला होता. प्रत्येक प्रवर्तकाचा इलाखा ठरलेला असे आणि दुसऱ्याच्या हद्दीत शिरायचे नाही, हा अलिखित नियम होता. व्हिन्स मॅकमॅन यांनी १९८२ मध्ये वडिलांकडून कंपनी विकत घेतली आणि हा नियम मोडीत काढला. इतरांचे मल्ल पळवून, त्यांच्या प्रांतातल्या वाहिन्यांवर आपले कार्यक्रम दाखवून त्यांनी दशकभरात बहुतेक इलाखे गिळले. त्या कंपनीचे नाव तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूएफ होते. २००२ मध्ये ते डब्ल्यूडब्ल्यूई झाले.

तिला खरा हादरा एकदाच बसला. वाहिन्यांचे मालक टेड टर्नर यांनी १९८८ मध्ये दक्षिणेतील एक डबघाईला आलेली कंपनी घेऊन डब्ल्यूसीडब्ल्यू उभी केली. ४ सप्टेंबर १९९५ रोजी तिचा ‘मंडे नायट्रो’ हा कार्यक्रम टीएनटी वाहिनीवर थेट डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ‘रॉ’ या साप्ताहिक कार्यक्रमाच्या वारी सुरू झाला. पहिल्याच रात्री मल्ल लेक्स लुगर रिंगणाकडे चालत आला. आदल्याच दिवशी तो प्रतिस्पर्धी कंपनीसाठी लढला होता. १९९६ च्या मध्यापासून सलग ८३ आठवडे नायट्रोने प्रेक्षकसंख्येत रॉवर मात केली. पुढे लेखन ढासळले, पगारांचा डोंगर वाढला, प्रेक्षक पांगले. तरी डब्ल्यूसीडब्ल्यूचा जीव गेला तो रिंगणात नव्हे. टर्नर वाहिन्यांची मालक कंपनी टाइम वॉर्नर आणि एओएल यांच्या विलीनीकरणानंतर आलेल्या व्यवस्थापनाने टर्नर वाहिन्यांवरून रेसलिंग हटवायचे ठरवले आणि वाहिनी नसलेल्या कंपनीला गिऱ्हाईक उरले नाही. मार्च २००१ मध्ये मॅकमॅन यांनी ती कवडीमोलाने उचलली.

हा तपशील इथे मुद्दाम सविस्तर दिला, कारण पुढच्या प्रत्येक आव्हानवीराची कुंडली त्यात दिसते. २००२ मध्ये निघालेल्या टीएनए कंपनीने ४ जानेवारी २०१० रोजी हल्क होगनला पुढे करून सोमवारची लढाई पुन्हा पेटवून पाहिली. त्याच वर्षी मे महिन्यात ती मुकाट्याने गुरुवारी परतली. मल्ल आणि पैसा लागतोच, पण या धंद्यात तगून राहायचे तर वाहिनीने पैसे मोजून कार्यक्रम घ्यावा लागतो.

दहा हजार खुर्च्यांची पैज

एईडब्ल्यूचा जन्म एका चेष्टेवजा पैजेतून झाला. मे २०१७ मध्ये ट्विटरवर कुणीतरी विचारले की रिंग ऑफ ऑनर ही छोटी कंपनी दहा हजार तिकिटे खपवू शकेल का. रेसलिंगचे पत्रकार डेव्ह मेल्ट्झर यांनी एवढ्यात तरी ते होणार नाही असे उत्तर दिले आणि कोडी रोड्स याने ती पैज घेतली. कोडी हा दिवंगत मल्ल व बुकर डस्टी रोड्स यांचा मुलगा. २०१६ मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूईत कंटाळून बाहेर पडला होता. मॅट व निक जॅक्सन हे ‘यंग बक्स’ भाऊ त्याच्या जोडीला आले. १ सप्टेंबर २०१८ रोजी शिकागोजवळच्या हॉफमन इस्टेट्स येथे ‘ऑल इन’ हा खेळ झाला. तिकिटे अर्ध्या तासाच्या आत संपली होती, हजेरी ११,२६३.

बक्स बंधू आणि जपानमध्ये नाव कमावलेला कॅनडाचा केनी ओमेगा यांनी यूट्यूबवरची स्वतःची मालिका आणि टी-शर्टांची विक्री यांच्या जोरावर, कोणत्याही अमेरिकी वाहिनीविना, आपला चाहतावर्ग बांधला होता. त्यांचे कपडे मॉलमधल्या दुकानांत विकले जात होते. म्हणजे गिऱ्हाईक होते, दुकान नव्हते.

दुकान घालून दिले खान कुटुंबाने. लाहोरमध्ये जन्मलेले शाहिद खान सोळाव्या वर्षी अमेरिकेत आले, सुरुवातीला भांडी घासली आणि पुढे मोटारींचे बंपर बनवणाऱ्या फ्लेक्स-एन-गेट कंपनीतून अब्जाधीश झाले. जॅक्सनव्हिल जॅग्वार्स हा अमेरिकी फुटबॉल संघ आणि लंडनचा फुलहॅम फुटबॉल क्लब त्यांच्या मालकीचे. त्यांचा मुलगा टोनी लहानपणापासून रेसलिंगचा कट्टर चाहता. तो एईडब्ल्यूचा अध्यक्ष झाला, आणि पुढे मुख्य बुकरही. कोडी, ओमेगा आणि बक्स यांना कार्यकारी उपाध्यक्षपदे मिळाली. मल्लांनाच पदाधिकारी करण्याची ही कल्पना तेव्हा फार गाजली. तिची किंमत नंतर कळली.

२५ मे २०१९ रोजी लास वेगासमध्ये ‘डबल ऑर नथिंग’ हा पहिला खेळ झाला. त्यात कोडीने रिंगणाकडे जाताना घण घालून एक सिंहासन फोडले. घण आणि सिंहासन ही दोन्ही डब्ल्यूडब्ल्यूईच्या ट्रिपल एचची ओळख. त्यामुळे रोख कोणाकडे आहे हे सांगावे लागले नाही. त्याच रात्री जॉन मॉक्सली प्रेक्षकांतून अवतरला. डब्ल्यूडब्ल्यूईत डीन अँब्रोज म्हणून वावरलेल्या या मल्लाचा करार महिन्याभरापूर्वीच संपला होता. ३१ ऑगस्ट रोजी ख्रिस जेरिको याने ‘हँगमन’ ॲडम पेजला हरवून पहिला जागतिक पट्टा मिळवला.

बुधवारची झुंज

‘डायनामाइट’ हा साप्ताहिक कार्यक्रम २ ऑक्टोबर २०१९ रोजी वॉशिंग्टनहून टीएनटीवर सुरू झाला. नायट्रो जिथे संपला त्याच वाहिनीवर अठरा वर्षांनी रेसलिंग परतले. डब्ल्यूडब्ल्यूईने दोन आठवडे आधीच आपला एनएक्सटी हा दुय्यम कार्यक्रम दोन तासांचा करून बुधवारी यूएसए वाहिनीवर आणून बसवला होता. पहिल्या रात्री डायनामाइटला सुमारे १४ लाख प्रेक्षक मिळाले, एनएक्सटीला ९ लाखांच्या आतच. त्यानंतरही बहुतेक बुधवारी पारडे एईडब्ल्यूकडेच झुकले. एप्रिल २०२१ मध्ये एनएक्सटी मंगळवारी हलवण्यात आला आणि झुंज संपली. मात्र नव्या कंपनीने हरवले ते दुसऱ्या फळीला. रॉ आणि स्मॅकडाउन या डब्ल्यूडब्ल्यूईच्या मुख्य कार्यक्रमांशी तिची समोरासमोर गाठ पडलीच नव्हती.

वाहिन्या एवढ्या उदार का झाल्या? ऑनलाइन मालिकांच्या लाटेत लोक कार्यक्रम सवडीने पाहू लागले होते, आणि त्याच वेळी पाहावासा वाटेल असा थेट प्रक्षेपित मजकूर सोन्याच्या भावाने विकला जाऊ लागला. फॉक्सने स्मॅकडाउनसाठी पाच वर्षांचे सुमारे १ अब्ज डॉलर मोजले, आणि तो करार डायनामाइटच्याच आठवड्यात लागू झाला. वर्षाचे बाराही महिने चालणारे रेसलिंग त्या मानाने स्वस्त. जानेवारी २०२० मध्ये टीएनटीने एईडब्ल्यूचा करार २०२३ पर्यंत वाढवला.

कोविडच्या काळात कंपनीने मार्च २०२० पासून वर्षाहून अधिक काळ जॅक्सनव्हिलमधील डेलीज प्लेस या उघड्या नाट्यगृहात खेळ केले. मोकळ्या बाकांसमोर रेसलिंग किती केविलवाणे दिसते हे तेव्हा सगळ्यांनाच कळले. सुरुवातीला प्रेक्षकांची जागा कठड्याशी उभ्या केलेल्या सहकारी मल्लांनी भरून काढली.

प्रेक्षक परतल्यावर कंपनीने आपला सर्वांत मोठा डाव टाकला. सात वर्षे रेसलिंगपासून दूर राहिलेला डब्ल्यूडब्ल्यूईचा माजी मल्ल सीएम पंक २० ऑगस्ट २०२१ रोजी त्याच्या शिकागो शहरात युनायटेड सेंटरच्या रिंगणात आला. ५ सप्टेंबर रोजी ॲडम कोल आणि ब्रायन डॅनियलसन एकाच रात्री दाखल झाले. डॅनियलसन त्याच वर्षी डब्ल्यूडब्ल्यूईच्या रेसलमेनिया या सर्वांत मोठ्या वार्षिक खेळाच्या मुख्य लढतीत होता. २२ सप्टेंबर रोजी न्यूयॉर्कच्या आर्थर ॲश टेनिस स्टेडियममध्ये वीस हजारांवर प्रेक्षकांसमोर ओमेगा आणि डॅनियलसन तीस मिनिटे लढले आणि लढत बरोबरीत सुटली. एईडब्ल्यूची सगळी जात त्या एका लढतीत दिसते: बडबड थोडी, रिंगणातले काम भरपूर, आणि निकाल न लावण्याची हिंमत.

वेगळेपण आणि उणिवा

सुरुवातीला कंपनीने खऱ्या खेळासारखी मांडणी करण्याचे वचन दिले होते. प्रत्येक मल्लाचे जय-पराजय मोजायचे आणि त्यावरून क्रमवारी लावायची. ही पद्धत पुढे मागे पडली. टिकले ते बाकीचे: लांब लढती, जोडी-लढतींना मानाचे स्थान, रक्तपाताची मोकळीक, आणि मल्लांना संवाद पाठ करायला न लावता स्वतःच्या शब्दांत बोलू देणे. एमजेएफ हा हील या शेवटच्या मोकळिकीतूनच घडला.

महिला विभाग बराच काळ दुर्लक्षित राहिला. पहिली विजेती जपानची रिहो. पण विभागाला वजन आले ते १७ मार्च २०२१ रोजी ब्रिट बेकर आणि थंडर रोझा यांच्या रक्तबंबाळ लढतीने. मार्च २०२४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईत नाव कमावलेली मर्सिडीज मोने आल्यावर चित्र आणखी बदलले. २०२१ मध्ये कंपनीने पंजाबच्या सतनाम सिंगला करारबद्ध केले. सात फुटांहून उंच असलेला सतनाम हा एनबीएच्या निवडप्रक्रियेत (२०१५) निवडला गेलेला भारतात जन्मलेला पहिला बास्केटबॉलपटू. त्याला आतापर्यंत बहुधा पाठीराख्याचीच भूमिका मिळाली आहे.

परदेशी कंपन्यांशी दोस्ती हा एईडब्ल्यूचा शहाणपणाचा भाग म्हणावा लागेल. डब्ल्यूडब्ल्यूई इतर कंपन्यांचे अस्तित्व पडद्यावर क्वचितच मान्य करत असे. याउलट २६ जून २०२२ रोजी एईडब्ल्यू आणि न्यू जपान प्रो-रेसलिंग यांनी मिळून ‘फॉर्बिडन डोअर’ हा खेळ केला. त्याच वर्षी टोनी खान यांनी रिंग ऑफ ऑनरही विकत घेतली. जिच्या दहा हजार तिकिटांवरून पैज लागली, तीच ही कंपनी.

घरातली भांडणे

ओहोटी आतून लागली. फेब्रुवारी २०२२ मध्ये कोडी रोड्सने कंपनी सोडली, एप्रिलमध्ये तो रेसलमेनियात उतरला आणि दोन वर्षांनी डब्ल्यूडब्ल्यूईचा सर्वोच्च पट्टा जिंकला. सिंहासन फोडणारा त्याच दरबाराचा राजा झाला. ४ सप्टेंबर २०२२ च्या खेळानंतर पत्रकारांसमोर सीएम पंकने उपाध्यक्षांवर तोंडसुख घेतले आणि नंतर पडद्यामागे हाणामारी झाली. ही मात्र कोणी लिहिलेली नव्हती. मल्ल हेच पदाधिकारी असतील तर भांडण सोडवायला मधे कोण पडणार, हा प्रश्न त्या रात्री उघडा पडला. पुढच्या वर्षी लंडनमध्ये सहकारी मल्ल जॅक पेरीशी पडद्यामागे झालेल्या झटापटीनंतर २ सप्टेंबर २०२३ रोजी पंकला काढून टाकले. नोव्हेंबरात तो डब्ल्यूडब्ल्यूईत परतला.

गंमत म्हणजे ती झटापट कंपनीच्या सर्वांत वैभवशाली दिवशी झाली. २७ ऑगस्ट २०२३ रोजी वेम्बली स्टेडियममधील ‘ऑल इन’ला ८१,०३५ तिकिटे विकली गेल्याचे कंपनीने जाहीर केले. स्थानिक परिषदेच्या नोंदीनुसार प्रत्यक्ष फाटकातून आत गेलेले ७२,२६५. रेसलिंगमध्ये आकडेही थोडे ‘बुक’ केलेले असतात. १९८७ च्या रेसलमेनियाचा ९३,१७३ हा आकडा आजही वादात आहे. पण ७२ हजार हीसुद्धा थक्क करणारी संख्याच.

आव्हानाचे फलित

जुलै २०२२ मध्ये मॅकमॅन पायउतार झाले आणि डब्ल्यूडब्ल्यूईचे लेखन ट्रिपल एचकडे आले. मॅकमॅनच्या लेखनाला विटलेला प्रेक्षक हे एईडब्ल्यूचे मोठे भांडवल होते. ते पाहता पाहता आटले. सप्टेंबर २०२३ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई आणि मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणारी यूएफसी मिळून टीकेओ हा समूह झाला. जानेवारी २०२५ पासून रॉ नेटफ्लिक्सवर गेला. करार दहा वर्षांचा, रक्कम सुमारे ५ अब्ज डॉलर. या काळात डायनामाइटचे प्रेक्षक १० लाखांच्या बरेच खाली घसरले आणि प्रेक्षागृहांतल्या खुर्च्याही रिकाम्या दिसू लागल्या.

तरीही डब्ल्यूडब्ल्यूईने तिच्याकडे काणाडोळा केलेला नाही. १२ जुलै २०२५ रोजी टेक्सासमध्ये एईडब्ल्यूचा ‘ऑल इन’ होता (त्यात पेजने मॉक्सलीला हरवून पट्टा परत मिळवला); त्याच दिवशी डब्ल्यूडब्ल्यूईने स्वतःचे दोन खेळ लावले. २० सप्टेंबर रोजी पुन्हा तेच घडले, तेव्हा एईडब्ल्यूने टोरांटोतील आपला खेळ दुपारी सरकवला.

सर्वांत ठळक बदल मल्लांच्या बाजूने झाला. २००१ नंतर अमेरिकेत चांगल्या पैशाची नोकरी देणारे दार एकच होते. मल्ल कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदार, त्यामुळे त्यांना संघटनेचा आधार नाही. वाटाघाटीत हातात काहीच नसे. दुसरे दार उघडल्यावर करार संपत आलेल्या प्रत्येकाचा भाव वाढला. आरंभी वाहतूक एकाच दिशेने होती, आता दोन्हीकडून चालते: जेड कार्गिल इकडून तिकडे गेली, ॲडम कोपलँड (पूर्वीचा एज) तिकडून इकडे आला, कझुचिका ओकाडा आणि विल ऑस्प्रे यांनी जपान सोडून एईडब्ल्यू निवडली. ३ मार्च २०२४ रोजी ग्रीन्सबरो येथे निवृत्त झालेला स्टिंग हा २००१ मधील नायट्रोच्या शेवटच्या लढतीचा विजेता. डब्ल्यूसीडब्ल्यूच्या या मल्लाला निरोपाचे रिंगण प्रतिस्पर्ध्याच्या दारात मागावे लागले नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये टीएनटीची मालक असलेल्या वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीने एईडब्ल्यूशी नवा करार केला. त्याच समूहाच्या हातून एनबीए बास्केटबॉलचे हक्क नुकतेच निसटले होते. नव्या कराराची रक्कम वर्षाला सुमारे १८.५ कोटी डॉलर असल्याचे वृत्त आले. डायनामाइट आणि ‘कोलिजन’ हे कार्यक्रम २०२५ पासून वाहिन्यांबरोबरच मॅक्स या ऑनलाइन मंचावरही दिसू लागले. ‘रॅम्पेज’ हा तिसरा कार्यक्रम बंद झाला. करार तीन वर्षांचा आहे, चौथ्या वर्षाच्या तरतुदीसह.