कोर्दुआन दीपगृह

फ्रान्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, जिरोंद खाडीच्या मुखाशी, भर समुद्रातल्या खडकावर उभे असलेले दीपगृह. किनाऱ्यापासून अंतर सुमारे ७ किमी., उंची ६७.५ मी., पायऱ्या ३०१. ओहोटीला भोवतालचे खडक आणि वाळूचे दांडे उघडे पडतात. भरतीला ते सारे पाण्याखाली जाते आणि दीपगृहच तेवढे वर दिसत राहते. फ्रान्समधील चालू दीपगृहांत हे सर्वांत जुने. त्याचा इतिहास म्हणजे जवळजवळ अखंड चाललेल्या दुरुस्तीचाच इतिहास आहे.

बोर्दो बंदराला ये-जा करणाऱ्या जहाजांना याच मुखातून जावे लागते. इथले सरकते वाळूचे पट्टे आणि बुडालेले खडक नावाड्यांच्या धास्तीचा विषय होते. चौदाव्या शतकात हा प्रदेश इंग्लंडच्या ताब्यात होता. तेव्हा ‘ब्लॅक प्रिन्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राजपुत्र एडवर्डने येथे एक बुरूज बांधला. माथ्यावर लाकडे पेटवण्याचे काम एक संन्यासी करी आणि त्याबद्दल जहाजांकडून पट्टी घेतली जाई. सोळाव्या शतकापर्यंत तो बुरूज मोडकळीस आला.

नव्या दीपगृहाचा करार २ मार्च १५८४ रोजी अभियंता लुई द फ्वा याच्याशी झाला. त्या वेळी बोर्दोचा महापौर असलेला निबंधकार मोंतेन यावेळी हजर होता. बांधकाम रेंगाळत गेले. खडकावर काम करायला मिळे ते दोन भरत्यांच्या मधल्या वेळेत आणि समुद्र शांत असेल त्या महिन्यांतच. राजे बदलले, देशात कॅथलिक व प्रोटेस्टंट यांच्यातली धर्मयुद्धे पेटली होती. करार तिसऱ्या हेन्रीच्या काळातला. चौथ्या हेन्रीने दीपगृहाला राजवैभवाच्या स्मारकाचे रूप दिले, आणि काम पुरे झाले १६११ मध्ये, तेराव्या लुईच्या काळात. द फ्वा तोवर हयात नव्हता; शेवट त्याच्या हाताखालच्या फ्रान्स्वा बोशे याने केला. दिवा लावण्यासाठी बांधलेल्या इमारतीत राजासाठी दालन, त्यावर घुमटाकार प्रार्थनागृह, कोरीव खांब आणि कमानी! यातल्या एकाही राजाने तिथे कधी मुक्काम केला नाही. समुद्रात कुणाच्या नजरेला पडणार म्हणून कारागिरांनी हात आखडता घेतला नाही, हे मात्र आजही त्या दगडांवर दिसते.

हानीला लगेच सुरुवात झाली. १६४५ च्या वादळात वरचा भाग कोसळला. चौदाव्या लुईच्या काळात मोठी डागडुजी झाली. त्याची आणि राणी मारी-तेरेझची आद्याक्षरे राजदालनात कोरलेली आहेत. पुढचा शत्रू समुद्र नव्हता, खुद्द दिव्याचा जाळ होता. चुनखडीचा दगड भाजला की त्याचा चुना होतो. रोजच्या आगीने माथ्यावरचा दगडी कंदील, म्हणजे आग पेटवण्याची बंदिस्त जागा, असाच निकामी झाला. अठराव्या शतकाच्या प्रारंभी तो उतरवून आग खालच्या पातळीवर लावण्यात आली, तशी नावाड्यांनी तक्रार केली की दिवा पुरेसा दिसत नाही. अखेर १७२७ मध्ये लोखंडी कंदील बसवण्यात आला.

उजेड अजून उंच हवा होता. १७८८ ते १७९० या काळात अभियंता जोझेफ तुलेर याने वरचे मजले काढून त्यावर साधा, निमुळता दगडी मनोरा चढवला. खालचे प्रबोधनकालीन मजले मात्र त्याने राखले. त्यामुळे आजची वास्तू दोन काळांची आहे: खाली नक्षीदार, वर निराभरण. जुन्या शिल्पाचा मुकुट गेला याची हळहळ वाटते, पण खलाशाच्या दृष्टीने तुलेरचे पाऊल योग्यच होते, आणि खालचे मजले वाचले तेही त्याच्याच आराखड्यामुळे.

२५ जुलै १८२३ या तारखेने हे दीपगृह जगाच्या नौकानयनात कायमचे नोंदले गेले. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ओग्युस्तँ फ्रेनेल याने आपले नवे भिंग प्रथम इथेच बसवले. पूर्वी दिव्यामागे धातूचे आरसे असत. ते बराच प्रकाश गिळून टाकत. फ्रेनेलने एकाच जाड भिंगाऐवजी एकात एक अशा काचेच्या कड्यांची मांडणी केली. वजन कमी, काच पातळ, आणि चहूकडे विखुरणारा उजेड एका झोतात एकवटलेला. ही रचना जगभर पसरली. भारताच्या किनाऱ्यावरील दीपगृहांतही ती आली. कोर्दुआनला वीज मिळाली १९४८ मध्ये, आणि २००६ मध्ये दिवा स्वयंचलित झाला.

१८६२ मध्ये ही वास्तू ऐतिहासिक स्मारकांच्या यादीत आली आणि २४ जुलै २०२१ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. तिथे हे दुसरेच दीपगृह, पहिले स्पेनमधील हर्क्युलीसचा मनोरा. अलीकडच्या जतनकामात पायथ्याभोवतीची गोल तटभिंत मजबूत करण्यात आली, बाहेरचे झिजलेले दगड बदलले, राजदालन व प्रार्थनागृहही दुरुस्त झाले. यातले अवघड काम दगडाचे. खारे पाणी चुनखडीच्या छिद्रांत शिरते, सुकते, मिठाचे स्फटिक फुगतात आणि पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटू लागतो. वरून लेप देऊन भागत नाही. खराब चिरा काढून तसाच नवा घडवावा लागतो, नक्षी असेल तर तीही पुन्हा कोरावी लागते. किती बदलायचे आणि झीज कुठवर चालू द्यायची, हा निर्णय प्रत्येक दगडापाशी नव्याने घ्यावा लागतो.

सरकारी सेवेतले शेवटचे दिवेकरी २०१२ मध्ये निवृत्त झाले. तरीही दीपगृह रिकामे ठेवलेले नाही. स्थानिक संस्थेचे रखवालदार पाळीपाळीने तिथे राहतात, देखभाल करतात आणि हंगामात पाहुण्यांना मजले दाखवतात. रुआयाँ किंवा पोर-मेदोक बंदरातून होडी निघते, तीही ओहोटीचे गणित पाहूनच, आणि शेवटचे अंतर गुडघाभर पाण्यातून चालत जावे लागते.