मास्कची कड आणि टक्क्यांचा हिशोब

एन९५ मास्कवरचा ‘९५’ हा आकडा फिल्टरच्या कापडाचा आहे, तो लावणाऱ्या माणसाचा नाही. प्रयोगशाळेत मास्कच्या कडा पूर्ण बंद करतात आणि मिठाच्या अतिसूक्ष्म कणांनी भरलेली हवा मिनिटाला ८५ लिटर या वेगाने त्यातून ओढतात. किमान ९५ टक्के कण अडकले की मास्क पास. या चाचणीत चेहरा कुठेच नसतो. कामावर सगळी गडबड मात्र चेहऱ्यापाशीच होते.

पण आधी कापडाचं श्रेय कापडाला देऊ. फिल्टर ही चाळणी नव्हे. त्यातल्या तंतूंमधली अंतरं कणांच्या कितीतरी पट मोठी असतात. एका मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा, मोठे कण हवेबरोबर चटकन वळू शकत नाहीत, सरळ जाऊन तंतूवर आदळतात. ०.१ मायक्रॉनपेक्षा लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भरकटतात आणि भरकटता भरकटता कुठल्यातरी तंतूला चिकटतात. पंचाईत होते ती मधल्यांची, साधारण ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या कणांची. आदळायला हलके, भरकटायला जड. चाचणी मुद्दाम याच आकाराच्या जवळपास घेतात. त्यामुळे ‘०.३ पेक्षा बारीक कण मास्कमधून निसटतात’ हे सर्रास ऐकू येणारं विधान निखालस चूक आहे. त्याहून बारीक कण पकडणं उलट सोपं जातं.

आजच्या मास्कची खरी करामत तंतूंवरच्या स्थिर विद्युतभारात आहे. टेनेसी विद्यापीठातले पीटर साई यांनी १९९०च्या दशकात पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या तंतूंवर असा भार कायमचा बसवण्याची पद्धत विकसित केली. या भारामुळे कापड विरळ ठेवूनही कण खेचले जातात आणि श्वास घेताना छाती भरून येत नाही. म्हणूनच असा मास्क साबणाने धुणं किंवा त्यावर अल्कोहोल फवारणं म्हणजे तो निकामी करणं. दिसायला मास्क आधीपेक्षा स्वच्छ, पण भार उडालेला. तेलाचं धुकं, म्हणजे धातू कापताना सोडलेल्या कटिंग ऑइलचे उडणारे सूक्ष्म थेंब, हेच करतं. अमेरिकी पद्धतीत मास्कवर एन, आर किंवा पी हे अक्षर त्यासाठी असतं. एन तेलात टिकत नाही, आर काही काळ तग धरतो, पी तेलातही चालतो. लेथवर काम करणाऱ्याने आकड्याआधी हे अक्षर पाहावं.

आता कडेचा हिशोब. समजा, तुम्ही १०० लिटर हवा आत घेतली आणि त्यातली १० लिटर नाकाशेजारच्या फटीतून आली. फिल्टर ९५ टक्क्यांचा असेल तर उरलेल्या ९० लिटरमधून साडेचार लिटर हवेइतकी धूळ निसटते आणि फटीतून दहा लिटरची येते, एकूण साडेचौदा. आता महागातला ९९.९७ टक्क्यांचा फिल्टर लावा, फट तशीच ठेवा. बेरीज दहाच्या खाली येतच नाही. उलट फिल्टर तोच जुना ठेवून फट निम्मी करा, तर एकूण पावणेदहा. म्हणजे घट्ट बसलेला साधा मास्क ढिल्या बसलेल्या भारी मास्कला मागे टाकतो. त्यात फिल्टर दाट असेल तर श्वास ओढायला जोर लागतो आणि हवा फटीतून यायला जास्तच तयार असते.

युरोपीय मानकात चेहऱ्याचाही विचार आहे. एफएफपी१, २ आणि ३ या दर्जांत फिल्टरने अनुक्रमे ८०, ९४ आणि ९९ टक्के कण अडवायचे असतातच, शिवाय माणसांना मास्क लावून आत येणारी एकूण गळती सरासरी २२, ८ आणि २ टक्क्यांच्या आत आहे का, तेही पाहतात. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. तरी त्या माणसांत तुमचा चेहरा नव्हता, हे उरतंच.

त्यासाठी फिट टेस्ट असते. मास्क लावलेल्या माणसाच्या डोक्यावरून एक पारदर्शक टोप घालतात आणि आत सॅकरिनचा फवारा मारतात. माणूस मान वरखाली करतो, डावीउजवीकडे वळवतो, मोठ्याने बोलतो. जिभेवर गोड लागलं की मास्क गळतोय. मग दुसरा आकार किंवा दुसरा प्रकार. ही चाचणी अधूनमधून होते, रोजची तपासणी मात्र स्वतःच करायची. वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंचावर, खालचा कानांखालून मानेवर, दोन्हींची फुली होऊ द्यायची नाही. नाकावरची पट्टी एका हाताच्या चिमटीने दाबली की मधोमध टोक येतं आणि दोन्ही बाजूंना बोगदे तयार होतात, म्हणून ती दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाहेर बसवत न्यायची. मग मास्कवर तळवे ठेवून जोरात श्वास घ्यायचा. मास्क किंचित आत ओढला गेला पाहिजे आणि डोळ्यांपाशी वारा लागता कामा नये.

दाढीचा विषय नाजूक आहे, पण मास्कच्या कडेखाली येणाऱ्या दाढीच्या खुंटाची जाडी शंभरेक मायक्रॉन आणि फुप्फुसात खोल जाणारी धूळ चारपाच मायक्रॉनच्या आतली, यावर वाद घालण्यासारखं काही नाही. दाढी ठेवायचीच असेल तर पंख्याने गाळलेली हवा डोक्यावरच्या टोपात सोडणारं उपकरण मिळतं. त्याला चेहऱ्याशी घट्ट बसावं लागत नाही.

मास्क किती वेळ तोंडावर असतो, हेही मोजा. पूर्ण चेहरा झाकणारा रेस्पिरेटर धूळ ५० पट कमी करतो असं धरलं आणि आठ तासांच्या पाळीत धुळीतच उभं राहून तो अर्धा तास काढला, तर दिवसभराचं संरक्षण जेमतेम १२ पटींवर येतं. म्हणून तासभरात नकोसा होणारा भारी मास्क देण्यापेक्षा दिवसभर राहील असा द्यावा. त्याहून आधी दगड कापताना पात्यावर पाणी सोडावं. धूळ उडालीच नाही तर हा हिशोबही नको.

वाफा आणि गॅस यांची गोष्ट निराळी. धुळीचा फिल्टर कितीही भारी असला तरी थिनरची वाफ त्यातून आरामात जाते. तिला पकडायला सक्रिय कोळसा लागतो. त्याच्या एका ग्रॅममधल्या छिद्रांचं क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या घरात जातं. पण कोळशालाही सगळं जमत नाही. अमोनियासाठी त्यात रसायनं मुरवावी लागतात आणि कार्बन मोनॉक्साइड तर त्यातून जवळपास तसाच निघून जातो. त्यामुळे कार्ट्रिज, म्हणजे मास्कला लावायची कोळशाची डबी, गॅसप्रमाणे निवडायचं. युरोपात सेंद्रिय वाफांना तपकिरी पट्टा, अमोनियाला हिरवा. अमेरिकेत अमोनिया हिरवाच, पण सेंद्रिय वाफांना काळा. रंगावर विसंबू नका, लेबल वाचा. फवारणीच्या रंगकामात थेंब आणि वाफ दोन्ही असतात, तिथे जोडफिल्टर हवा.

संपण्याची तऱ्हाही उलटी आहे. धुळीचा फिल्टर भरत गेला की श्वास जड होतो, तो स्वतःच सांगतो. कोळसा काहीच सांगत नाही. वास येऊ लागेपर्यंत थांबायचं, तर अनेक गॅसना धोक्याच्या पातळीवर वासच नसतो. आणखी एक खोडी म्हणजे पकडलेली हलकी द्रावकं कार्ट्रिज नुसतं पडून असतानाही कोळशात हळूहळू पुढे सरकत राहतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्याच श्वासात नाकात येऊ शकतात. पाकीट फोडल्याची तारीख कार्ट्रिजवर लिहायची आणि ठरल्या वेळी ते बदलायचं.

आणि काही जागी कुठलाच फिल्टर चालत नाही. फिल्टर हवेतून वस्तू काढतो, ऑक्सिजन घालत नाही. हवेत तो २०.९ टक्के असतो. १९.५च्या खाली गेला की अमेरिकी नियमांनुसार फिल्टरचे मास्क बाद, बाहेरून हवा पुरवणारंच उपकरण लागतं. बंद टाकीत नुसतं लोखंड गंजलं तरी ऑक्सिजन उतरतो. गटारात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो आणि सुमारे १०० पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग झाला की, तो वास घेण्याची शक्तीच मारतो. म्हणून उतरण्याआधी मीटर सोडून वर, मध्ये आणि तळाशी मोजणी घेतात, कारण मिथेन वर चढतो आणि हायड्रोजन सल्फाइड खाली बसतो. त्यातही पहिला आकडा ऑक्सिजनचा, कारण तो कमी असेल तर ज्वालाग्राही वायू मोजणारे नेहमीचे मीटर चुकीचं दाखवतात.