पार्श्वभूमी : खिळा न लागता बसणारी ट्यूब

गेल्या मे महिन्यात घरच्या 1968 सालच्या फियाटला चारही नवे टायर घातले. पंधरा दिवस झाले नाहीत तोच तुळजापूर रस्त्यावर मागचं डावं चाक बसलं. पंक्चरच्या दुकानातल्या चाचांनी ट्यूब फुगवून पाण्यात धरली, तर बुडबुडे निघाले ते रिमला टेकणाऱ्या अंगानं. "खिळा नाही की ओ, रिमनंच खाल्लीय हिला," ते म्हणाले. जुन्या गाड्या बाळगणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो. बहुतेक जण ट्यूबला दोष देतात, दुसरी घालतात आणि तीही जाते. या दुखण्याचं मूळ सव्वाशे वर्षांहून जुनं आहे.

हवेचा टायर दोनदा शोधला गेला. स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसननं 1845 साली पेटंट घेतलं, पण तेव्हा मोटारी नव्हत्या आणि शोध मागे पडला. 1888 मध्ये बेलफास्टला राहणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरानं मुलाच्या तीनचाकीसाठी तो नव्यानं लावला. हे सुरुवातीचे टायर चाकाला चिकटवलेले असत. पंक्चर काढायचं तर सगळं उकलायचं आणि पुन्हा चिकटवून वाळेपर्यंत थांबायचं. 1890 मध्ये चार्ल्स वेल्चनं कडेत तार घातलेल्या टायरचं पेटंट घेतलं, त्याच सुमारास विल्यम बार्टलेटनं रिमच्या आकड्यात अडकणारी कड काढली आणि 1891 मध्ये मिशेलिन बंधूंनी सायकलचा सहज सुटणारा टायर आणला. 1895 च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हेच बंधू हवेच्या टायरवर मोटार घेऊन उतरले, पंक्चरमागून पंक्चर काढत.

टायर सुटा झाला, तेव्हाच कामाची वाटणी झाली: भार पेलायचा टायरनं, हवा धरायची ट्यूबनं. चाकाच्या इतिहासात मला ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. ट्यूबला स्वतःची ताकद जवळपास नसते. टायर आणि रिम यांच्यामधली पोकळी ती भरून काढते आणि दाबाखाली जिथं टेकेल तिथला प्रत्येक कंगोरा अंगावर घेते.

टायरच्या पोटात काय असतं, हे सोलापूरकराला पटकन कळावं. 1877 पासून गिरण्यांचा भोंगा ऐकलेलं, चादरी विणणारं हे गाव आहे. सुरुवातीच्या टायरमध्ये रबराच्या आत साधं विणलेलं जाड कापड असे, ताणा (उभे धागे) आणि बाणा (आडवे धागे) दोन्ही असलेलं. चाक फिरताना टायर सतत दबतो आणि उठतो, त्यामुळे प्रत्येक गाठीवर ताण्याचे धागे बाण्याच्या धाग्यांवर घासत, तापत आणि तुटत. 1890 च्या दशकात जॉन पामरनं बाणा जवळजवळ काढूनच टाकला: एका दिशेनं जाणारे धागे रबरात बुडवायचे आणि असे थर एकमेकांवर तिरपे रचायचे. मोटारींनी ही रचना उचलली आणि टायर कितीतरी जास्त टिकू लागले. बाहेरचा टायर असा सुधारत गेला, पण रिमची बाजू बरीचशी तशीच राहिली.

रिमनं ट्यूब कापण्याचा हा धोका तारांच्या चाकात उघड दिसतो. प्रत्येक तार रिमला आवळून धरणाऱ्या निपलचं डोकं रिमच्या आत डोकावतं, म्हणून तिथं रबरी किंवा जाड सुती पट्टी घालणं ठरलेलंच असे. ट्रकच्या चाकात हेच काम फ्लॅप, म्हणजे ट्यूब आणि रिम यांच्यामध्ये बसणारा रबरी पट्टा, करतो. पुणे-हैदराबाद रस्त्यावरच्या या गावात फ्लॅप म्हणजे काय, हे कुठल्याही टायरवाल्याला सांगावं लागत नाही. अडचण येते ती साध्या पत्र्याच्या चाकाची. फियाट, अ‍ॅम्बेसेडर यांच्या रिमा नव्या असताना आतून गुळगुळीत होत्या, पट्टीशिवाय चालत. पन्नास वर्षांनी तिथं गंजाचे पापुद्रे असतात, ठोकून सरळ केलेल्या जागा असतात. कंपनीनं पट्टी दिली नव्हती म्हणून ती लागत नाही, हा समज तिथंच फसतो.

ट्यूबचं रबरही बदललं. दुसऱ्या महायुद्धात जपाननं मलाया घेतल्यावर नैसर्गिक रबर तुटलं आणि ट्यूबसाठी ब्युटिल हे कृत्रिम रबर आलं. ते हवा कितीतरी जास्त दिवस धरतं, पण रिमच्या गंजापुढे तेही हतबलच.

आपल्याकडे डनलॉपचा हुगळीकाठचा साहागंज कारखाना 1936 साली सुरू झाला. फियाटचा 5.20-14 आणि अ‍ॅम्बेसेडरचा 5.90-15 हे मापाचे आकडे एकेकाळी टायरच्या दुकानात तोंडपाठ असत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ट्यूबलेस आला आणि 1950 च्या दशकात तो नव्या गाड्यांत सर्रास बसू लागला. आपल्याकडेही पुढे तेच झालं आणि ट्यूब बसवण्याची हातोटी विरत गेली. आज जुन्या मापाला जवळचा म्हणून जो टायर मिळतो तो बहुधा रेडियल (आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे असलेला), ट्यूबलेस. त्याच्या पोटात कागदी लेबलं असतात, साच्याच्या बारीक उभट रेघा असतात, आणि रेडियलची कूस, म्हणजे बाजूची भिंत, जास्त लवचिक असल्यामुळे ट्यूब आत जास्त घासते. सोलापूरच्या उन्हाळ्यात डांबर पोळत असताना हे घासणं फार लवकर भोवतं. आमच्या ट्यूबला एका अंगानं गंज आणि दुसऱ्या अंगानं लेबल असा दुहेरी मार होता.

उपाय जुनेच आहेत. रिम ब्रशनं घासून गंज काढायचा, प्रायमर-रंग देऊन पूर्ण वाळू द्यायचा. टायरमधली लेबलं खरवडून काढायची. ट्यूबवर शंखजिऱ्याची पूड चोळायची. ट्यूब थोडी फुगवून आत बसवायची, टॉमीच्या (टायर चढवायच्या लोखंडी पट्टीच्या) टोकात ती सापडत नाही ना हे प्रत्येक वेळी पाहायचं, मग हवा भरून पूर्ण सोडायची आणि पुन्हा भरायची, म्हणजे आतल्या सुरकुत्या सुटतात. व्हॉल्व्ह रिमच्या भोकात खुळखुळत असेल तर ती ट्यूब त्या रिमची नव्हे. आणि टायर घेताना कुशीवरचा चार आकडी शिक्का वाचा: 3219 म्हणजे 2019 सालचा बत्तिसावा आठवडा. जुन्या गाडीचा टायर झिजून क्वचितच जातो. तो उभ्या उभ्या म्हातारा होतो, कुशीला बारीक भेगा पडतात आणि वरची नक्षी मात्र नव्यासारखी दिसते.

चाचांनी ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून पट्ट्या कापल्या, त्यांच्या कडा घासून पातळ केल्या, कारण जाड कडेची पायरीसुद्धा ट्यूब कापते. पाचव्या चाकालाही पट्टी घाला म्हणाले. त्या चाकाला आपण स्टेपनी म्हणतो, ते वेल्समधल्या लानेथली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून. तिथं 1904 मध्ये जादा चाकाचा धंदा सुरू झाला, कारण तेव्हाच्या मोटारींना जादा चाक नसे आणि पंक्चर तर रोजचं. आमची स्टेपनी कित्येक वर्षं डिकीतून निघाली नव्हती. तिचा टायर उतरवला, तर पाचांत सर्वांत जास्त गंज तिच्याच रिमला निघाला.