स्वयंचलित वाहनांच्या राखीव मार्गिका आणि रस्तेसुरक्षा : पार्श्वभूमी

स्वयंचलित वाहनांसाठी महामार्गावर वेगळी मार्गिका राखण्याची कल्पना १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनाइतकी जुनी आहे, परंतु तिच्या सुरक्षिततेचा हिशेब गांभीर्याने मांडला गेला तो १९९० च्या दशकात, कॅलिफोर्नियात. १९९१ च्या अमेरिकी कायद्याने १९९७ पर्यंत स्वयंचलित महामार्गाचा नमुना सिद्ध करण्याचे बंधन घातले होते. त्यानुसार ऑगस्ट १९९७ मध्ये सॅन डिएगो येथे, आंतरराज्य महामार्ग १५ च्या मध्यभागी काँक्रीटच्या कठड्यांनी अलग केलेल्या सुमारे १२ किलोमीटरच्या मार्गिकांत, आठ मोटारींचा ताफा ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगाने आणि एकमेकींत जेमतेम साडेसहा मीटर अंतर ठेवून धावला. रस्त्यात दर १.२ मीटरवर पुरलेली लोहचुंबके गाड्यांना दिशा देत होती.

एवढे कमी अंतर जिवावर बेतणारे वाटते. गणित मात्र उलटे आहे. पुढच्या गाडीने करकचून ब्रेक दाबला, तर अंतर अगदी कमी असताना दोन्ही गाड्यांच्या वेगात फार फरक पडण्याआधीच त्या एकमेकींना टेकतात आणि धडक सौम्य राहते. अंतर भरपूर असेल तर धडक टळतेच. घात होतो तो मधल्या अंतरात. मात्र माणसाने चालवलेली एखादी गाडी ताफ्यात घुसली की हे सारे गणित कोलमडते, आणि राखीव मार्गिकेचा आग्रह त्यातूनच आला.

वाद पेटला तो याच आग्रहावरून. स्वयंचलित गाड्याच नसताना मार्गिका कोण बांधणार, आणि मार्गिका नसताना अशा गाड्या कोण विकत घेणार, हा पेच सुटेना. तेव्हा प्रात्यक्षिक यशस्वी होऊनही अमेरिकेच्या केंद्रीय वाहतूक खात्याने लवकरच निधी आखडता घेतला आणि माणूस चालकाला साहाय्य करणाऱ्या उपकरणांकडे मोर्चा वळवला. हा निर्णय व्यवहार्य म्हणून अजूनही वाखाणला जातो. वास्तविक, प्रत्यक्ष रहदारीत अशी मार्गिका अपघात घटवते की नाही, हे तपासण्याची संधीच त्यामुळे हुकली.

पुरावा मिळाला तो आडवाटेने. एकाहून अधिक प्रवासी असलेल्या मोटारींसाठी कॅलिफोर्नियात राखलेल्या मार्गिकांच्या पाहणीत, ठरावीक ठिकाणीच प्रवेश देणाऱ्या मार्गिका कुठूनही शिरता येणाऱ्या मार्गिकांपेक्षा अधिक सुरक्षित आढळल्या नाहीत. शेजारची रांग तुंबलेली, राखीव मार्गिका भरधाव, आणि लेन बदलण्याची सारी झुंबड मोजक्या तोंडांशी एकवटलेली, अशी तिथली स्थिती असते.

अलीकडचे प्रयोग हा धडा घेऊन उभे आहेत, असे किमान जपानबाबत म्हणता येते. मार्च २०२५ पासून शिन-तोमेई द्रुतगती मार्गावर नुमाझू ते हामामात्सु या सुमारे १०० किलोमीटरच्या टप्प्यात, कामाच्या दिवशी रात्री १० ते पहाटे ५ या वेळेत, स्वयंचलित मालमोटारींच्या चाचण्यांसाठी एक मार्गिका प्राधान्याने दिली जाते. तेथे कठडा नाही आणि इतर वाहनांना सक्त मनाईही नाही. भर आहे तो विश्रांतिस्थळातून बाहेर पडणाऱ्या मालमोटारीला मुख्य रस्त्यावरील वाहनांच्या वेगाची आणि अंतराची माहिती रस्त्याकडेच्या यंत्रणेने आधीच कळवण्यावर.