स्केच ‘काळं’ करण्याचा आग्रह कुठून आला?

सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरमध्ये (संगणकावर यंत्रभागांचं ड्रॉइंग करण्यासाठीचं) रेषा निळ्या असतील तर स्केच अजून मोकळं आहे, म्हणजे त्याचं माप किंवा जागा पक्की झालेली नाही. सगळ्या काळ्या झाल्या की मगच पुढे एक्स्ट्रूड करा (सपाट स्केचला जाडी द्या), असं कॅड शिकणाऱ्याला पहिल्या काही दिवसांतच बजावलं जातं. हा आग्रह अर्धा ड्रॉइंग बोर्डावरून आलाय, अर्धा गणितातून.

बोर्डाच्या काळात माप वर्कशॉपमधल्या माणसासाठी लिहिलेलं असे. त्याने कागदाला पट्टी लावून मोजायचं नाही, लिहिलेला आकडा वाचायचा. त्यामुळे एकच माप दोनदा द्यायचं नाही हा दंडक. एक बदललं, दुसरं तसंच राहिलं, की जॉब (घडवलेला भाग) भंगारात.

१९६३ मध्ये एमआयटीत इव्हान सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ या प्रबंधात लाइट पेनने (पडद्यावर टेकवायच्या पेनाने) रेषा काढून ‘या दोन समांतर ठेव’ असं संगणकाला सांगता येतं हे दाखवलं. अटी परस्परविरोधी असल्या तर स्केचपॅड एकूण चूक कमीत कमी राहील अशी तडजोड शोधे. आजची सॉफ्टवेअरं तसं न करता ‘ओव्हर-डिफाइन्ड’ (अटी गरजेपेक्षा जास्त) म्हणून अडून बसतात, आणि ते बरंच आहे.

१९८२ च्या ऑटोकॅड या सॉफ्टवेअरने मात्र बोर्डच पडद्यावर आणला. आकडा बदलला म्हणून रेष हलत नसे. ती सोय तिथे २०१० च्या आवृत्तीत आली. तोवर खरा बदल दुसरीकडे होऊन गेला होता. १९८५ मध्ये सॅम्युएल गाइसबर्ग यांनी पीटीसी ही कंपनी काढली आणि त्या दशकाच्या अखेरीस तिचं कॅड सॉफ्टवेअर प्रो/इंजिनीअर बाजारात आलं. सुरुवातीचं प्रो/इंजिनीअर फार कडक. स्केच पूर्ण बांधल्याशिवाय पुढे सरकायचंच नाही. शिवाय जवळपास आडवी रेष ते आडवीच धरून चाले. एक-दोन अंशांचा उतार हवा असेल तर लोक मुद्दाम भरपूर तिरकं काढत आणि कोन नंतर टाकत.

१९८९ मध्ये केंब्रिजला डी-क्यूब्ड ही कंपनी सुरू झाली. तिचा सॉल्व्हर (स्केचच्या अटी सोडवणारा प्रोग्रॅम) सॉलिडवर्क्ससह अनेक पॅकेजांच्या पोटात आहे.

सॉल्व्हरचा हिशेब साधा आहे. एका रेषेला चार मोकळीका (दोन टोकं, प्रत्येक आडवं आणि उभं सरकू शकतं), म्हणजे आयताच्या चार रेषांना १६. चार कोपरे जुळवले की ८ जातात, दोन आडव्या-दोन उभ्या केल्या की ४, लांबी-रुंदी दिली की आणखी २. उरलेल्या २ म्हणजे आयताची जागा. नवख्याचं स्केच निळं राहतं ते बहुधा इथेच, कारण ओरिजिनशी (स्केचच्या शून्य बिंदूशी) नातं जोडायचंच राहून गेलेलं असतं. कोपरा जोडला तरी चालतं, पण भाग सममित असेल तर मध्यबिंदू जोडावा. रुंदी बदलली तरी भाग दोन्हीकडे सारखाच वाढतो.

नाती (समांतर, आडवी, जुळलेली अशा अटी) आधी, मापं नंतर, हा क्रमही यातूनच आला. फिलेट (कोपऱ्याची गोलाई) शक्यतो स्केचमध्ये घालू नये याचं कारणही हेच: चाप आला की मूळ कोपरा नाहीसा होतो, आणि ज्या बिंदूपासून माप द्यायचं तोच हाती राहत नाही.