दोनशे अंशांच्या आतला खेळ

जवस आपल्याला माहीत ते चटणीपुरतं. युरोपात त्याच्या खोडातल्या धाग्याचं लिनन विणतात, आणि १९९०च्या दशकात तोच धागा जर्मन गाड्यांच्या दारांच्या आतल्या पॅनेलमध्ये जाऊन बसला. जोडीला बहुधा पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक. ही सोयरीक जुळायला एवढा काळ लागला, त्याचं मोठं कारण तापमान.

प्लास्टिकमध्ये झाडाचा अंश घालण्याची कल्पना जुनीच. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये शोधलेल्या बेकेलाइट या प्लास्टिकमध्ये लाकडाचं पीठ भर म्हणून घालत. पूर्व जर्मनीतल्या ट्राबांट गाडीच्या बाहेरच्या अंगाला तर लोखंडी पत्रा जवळपास नव्हताच. टाकाऊ कापूस फेनॉलिक राळेत दाबून ते पॅनेल बनवत. १९५७ ते १९९१ या काळात अशा तीस लाखांवर गाड्या निघाल्या. पण ही राळ थर्मोसेट. साच्यात ती पिकेपर्यंत प्रेस अडकून राहायचा, आणि एकदा घट्ट झालेला माल पुन्हा वितळत नाही. गाड्या भंगारात निघाल्यावर या पॅनेलचं करायचं काय, हे कोडंच झालं.

थर्मोप्लास्टिक तापवलं की मऊ, गार झालं की घट्ट. साचा फक्त गार होईपर्यंत अडतो. मात्र वनस्पतीचा तंतू २०० अंश सेल्सिअसच्या आसपास करपू लागतो आणि नायलॉन ६ वितळतं २२० अंशांना. इटलीत जुलिओ नट्टा यांनी १९५४ मध्ये पॉलिप्रॉपिलीन बनवलं, ते मात्र १६५ अंशांच्या आसपास वितळतं. मधल्या तीस-पस्तीस अंशांच्या फटीत हा सगळा धंदा चालतो.

वाट मिळाली तरी कटकट संपली नाही. तंतूला पाणी प्यारं, पॉलिप्रॉपिलीनला त्याचं वावडं. लाकडाचं ओलसर पीठ यंत्रात गेलं की वाफ होऊन माल फुगतो. दोघांना धरून ठेवायला मॅलेइक अनहायड्राइड हे रसायन जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन थोडं मिसळावं लागतं. अमेरिकेत शेबॉयगन इथे १९८३ मध्ये इटलीचं तंत्र आणून निम्मं लाकडाचं पीठ असलेले पत्रे काढू लागले. पुढची युक्ती मला सगळ्यात आवडते: जवसाचे आणि प्लास्टिकचे तंतू एकत्र पिंजून, सुयांनी टोचून गादीसारखा नमदा करायचा, तो भट्टीत तापवायचा आणि थंड साच्यात दाबायचा. मिनिटाच्या आसपास पॅनेल तयार.

युरोपीय संघाच्या २०००च्या निर्देशाने जुन्या गाड्यांचा पुनर्वापर सक्तीचा केला आणि अशा मालाला जोर आला. काचतंतूंपेक्षा जवस बराच हलका, हेही पथ्यावर पडलं. 'पर्यावरणस्नेही' हे बिरुद मात्र थोडं सैलच वापरतात. पॉलिप्रॉपिलीन शेवटी खनिज तेलातूनच येतं. मक्याच्या साखरेपासून होणारं पीएलए (पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिड) हे प्लास्टिक १७० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे त्याच फटीत बसतं. पण साधं पीएलए साठ अंशांलाच मऊ पडू लागतं, आणि मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीचा डॅशबोर्ड तिथवर सहज पोचतो.